दिवाणखान्यातला घोडा: पेन्सिल आणि वॉशमधून आपल्या भिंतीसाठी चित्र

नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की हॉलमध्ये सात पांढरे घोडे हमखास भेटतात. लाटांतून उधळलेले, मागे केशरी सूर्य, आणि सातही जणांचं तोंड एकाच साच्यातून काढलेलं. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या घरात तेच, विजापूर रस्त्यावरच्या घरातही तेच. त्या छापील चित्राबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यातल्या एकाही घोड्याला वजन नसतं.

घोडा घरात असावा याला माझी काहीच हरकत नाही. देवघरातल्या टाकावर खंडोबा घोड्यावरच बसलेला असतो, बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्याला घोड्याची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि ज्यांचे घोडे जगभर पोचले ते मकबूल फिदा हुसेन १९१५ साली जन्मले ते आपल्याच पंढरपुरात. तेव्हा विकतचं लावण्याऐवजी स्वतः काढा. पेन्सिलची रेघ, वर दोन-तीन हात पातळ रंगाचे (यालाच वॉश म्हणतात), आणि बाकीचा कागद कोरा. ज्यांनी शाळेनंतर चित्रकलेची वही उघडलेली नाही त्यांनाही हे जमतं, मात्र घाई नको.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. वहीतलं चित्र हातभर अंतरावरून बघतात, भिंतीवरचं आठ-दहा फुटांवरून. तिथून पापण्या दिसत नाहीत, आयाळीचे केस मोजता येत नाहीत. दिसतो तो घोड्याचा एकूण आकार, तो जमिनीवर कसा उभा आहे हे, आणि उजेड-सावलीचे मोठे भाग. म्हणून सगळी मेहनत सांगाड्यावर आणि वॉशवर घाला. डोळ्यात चमक आणायला शेवटची दहा मिनिटं पुरतात.

आधी भिंत मोजा

बहुतेक जण चित्र आधी काढतात आणि मग त्याला जागा शोधत घरभर फिरतात. उलटं करा. सोफ्याच्या वर लावायचं असेल तर सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश भाग चित्रांनी व्यापलेला चांगला दिसतो. सहा फुटी सोफा म्हणजे ७२ इंच, त्याचे दोन-तृतीयांश ४८. एवढं मोठं एकच चित्र पहिल्या झटक्यात काढू नका. पाव शीट, म्हणजे ११ × १५ इंचाच्या कागदावर दोन चित्रं काढा. माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) आणि फ्रेम धरून प्रत्येकी साधारण साडेवीस इंच रुंद होतात, मध्ये चार इंच जागा सोडली की ४५ इंच भरतात. जोडी छान दिसते: एक उभा घोडा, एक चालता.

दुसरी गोष्ट सोफ्यावर काय आहे ती. आपल्याकडे दिवाणावर सोलापुरी चादर असते, तांबडी, निळी किंवा हिरवी, ठसठशीत भौमितिक नक्षीची. ती खोलीतला सगळा आवाज आधीच घेते. तिच्यावरच्या भिंतीला शांत चित्र हवं: करडा, मातकट तपकिरी, भरपूर पांढरा कागद. चादरीतला एखादा रंग चित्रात घ्यायचाच असेल तर जमिनीवरच्या सावलीत निळ्याचा हलका अंश पुरे. तांबडा लगाम आणि तांबडं खोगीर काढायचा मोह मात्र आवरा.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. पेन्सिली तीन: एचबी, २बी आणि ४बी. मळून टोक काढता येतं ते राखाडी मऊ खोडरबर एक, त्याने ग्राफाइट कागद न खरवडता उचललं जातं. ब्रश तीन: गोल ४ नंबर, गोल १० किंवा १२ नंबर, आणि एक इंची चपटा. मोठा गोल ब्रश चांगला घ्या, ओला केल्यावर टोक जुळलं पाहिजे.

कागदावर मात्र कंजुषी नको. शाळेच्या ड्रॉइंग कागदावर वॉश टाकला की तो फुगतो, खळगे पडतात आणि रंग त्या खळग्यांत साचतो. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), जरा खरखरीत पोताचा जलरंगाचा कागद घ्या. शंभर टक्के सुती असेल तर उत्तम, ओल जास्त वेळ धरतो आणि रंग उचलायला साथ देतो. सरावाला साधा चालेल. नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानांत मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, पण मागवताना जीएसएम बघूनच.

रंग चारच: बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, अल्ट्रामरीन ब्लू. ट्यूबमधले घ्या. हे चारही उजेडात टिकणारे आहेत, वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचं म्हणजे ते महत्त्वाचं. पारंपरिक अलिझरीन क्रिमसन आणि फ्लुरोसंट रंग उडतात, ते भिंतीच्या चित्रात नकोत. काळी ट्यूब विकत घेऊच नका, पुढे कळेल का. (कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि गोळ्यांनी झाली होती, त्यामुळे मराठी माणसाच्या दौतीत घोडा तसा जुनाच.)

खरा घोडा बघा

छापील चित्रावरून चित्र काढलं की त्यातल्या चुका तुमच्या होतात. सोलापूरकरांना खरे घोडे बघायला लांब जावं लागत नाही. लग्नसराईत नवरदेवाची घोडी गल्लोगल्ली येते. झुलीखाली तिचं अंग झाकलेलं असतं, पण मान, डोकं आणि पाय मोकळे दिसतात आणि ती बराच वेळ एका जागी उभी असते. वरात निघायच्या आधी अर्धा तास गाठा, घोडीवाल्याला विचारा, आणि मागून कधीही जवळ जाऊ नका. अकलूजला दिवाळीच्या आगेमागे घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठियावाडी घोडे शेजारीशेजारी बघायला मिळतात, टोकाशी आत वळलेले कान लगेच ओळखू येतात. तट्टू दिसलं तर तेही काढा. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू ठेंगणं, काटक असतं, आणि सोलापूरच्या भिंतीवर मारवाडी घोड्याइतकंच शोभतं.

पळणारा घोडा बघायचा तर आषाढी वारीतलं रिंगण. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला, उभं रिंगण माळीनगरला. माउलींचं पुरंदावड्याला आणि खुडूसला. पुढे पताका घेतलेला स्वाराचा घोडा, आणि मोकळ्या पाठीचा माउलींचा अश्व. चित्रकाराला ती मोकळी पाठ म्हणजे पर्वणी. घोडा समोरून काही क्षणांत जातो, तेव्हा तिथे वही काढून बसण्यात अर्थ नाही. फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि घरी एकेक फ्रेम थांबवून काढा. घोडा गेल्यावर खुराखालची माती कपाळी लावायला लोक धावतात, त्यांच्या वाटेत ट्रायपॉड रोवू नका.

घरी आल्यावर आठवडाभर फक्त अर्ध्या-एक मिनिटाची रेखाटनं करा. रद्दी कागद चालेल. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची एक रेघ, पायांच्या चार रेघा, डोक्याची एक. बस. हे कंटाळवाणं वाटतं, पण याशिवाय पुढचं सगळं पुतळ्यासारखं होतं.

सांगाडा

आता चांगला कागद. आडवा धरा. पहिला घोडा बाजूने उभा असलेला काढा, तोंड डावीकडे किंवा उजवीकडे. घोडा ज्या दिशेला बघतो तिकडे जास्त जागा सोडायची. वास्तूवाले सांगतात की चित्रातले घोडे घरात येणारे असावेत, दाराबाहेर पळणारे नकोत. मला वास्तूतलं काही कळत नाही, पण चित्राच्या मांडणीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. भिंतीच्या टोकाकडे तोंड केलेला घोडा बघणाऱ्याची नजरही घेऊन जातो. दोन चित्रं शेजारीशेजारी असतील तर दोघांची तोंडं मधल्या जागेकडे ठेवा.

मापाचं एकक म्हणजे घोड्याचं डोकं, कानाच्या मुळापासून ओठाच्या टोकापर्यंत. ते ६ सेंटीमीटर धरा. उंची मोजायची ती मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत, जिथे खोगीराचा पुढचा भाग टेकतो. ती साधारण अडीच डोकी, म्हणजे १५ सेंटीमीटर. छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) मागच्या टोकापर्यंतची लांबीही तेवढीच. म्हणजे मान आणि डोकं सोडलं तर उभा घोडा जवळपास चौरसात बसतो. नवशिक्यांचा घोडा लांबोडका होतो तो हा चौरस न काढल्यामुळे.

कागदाच्या खालच्या कडेपासून साडेतीन सेंटीमीटरवर एचबीने जमिनीची फिकट रेघ मारा. तिच्यावर १५ बाय १५ चा चौरस. पुढे साधारण पंधरा सेंटीमीटर जागा राहील आणि मागे त्याच्या निम्मी, असा तो सरकवून घ्या. चौरसात तीन अंडाकृती: पुढची खांद्याची, मागची पुठ्ठ्याची, मधली बरगड्यांची. खांद्याची तिरकी बसवा, खांद्याचं हाड साधारण ४५ अंशांत झुकलेलं असतं. छातीची खोली उंचीच्या निम्म्याहून जराशी कमी, म्हणजे सातच्या आसपास. पोटाची रेघ मागे जाताना वर चढते, ती सरळ काढली की घोडा गाभण दिसतो.

मान म्हणजे नळी नव्हे. खांद्याशी रुंद, घशाशी निमुळती, आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा लांब. डोक्याला दोन ठोकळे: जबड्याचा मोठा, मुस्कटाचा लहान. डोळा कपाळाच्या बाजूला, डोक्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागात. तो समोर काढला की घोड्याचा माणूस होतो. कानांवरून घोड्याचं लक्ष कुठे आहे ते कळतं: टवकारलेले असतील तर पुढे, मागे पाडलेले असतील तर रागात. दिवाणखान्यात रागावलेला घोडा नको.

पाय

घोड्याचं चित्र पायांवर उभं राहतं किंवा पडतं, त्यामुळे इथे थांबा. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो, तो हाडांच्या हिशेबाने त्याचं मनगट आहे. मागच्या पायात मध्येच मागे निघालेला टोकदार सांधा म्हणजे त्याची टाच. खरा मागचा गुडघा वर, पोटाजवळ असतो. आणि प्रत्येक पाय टेकतो तो एकाच बोटावर, त्या बोटाचं नख म्हणजे खूर. एवढं डोक्यात बसलं की पाय कुठे वाकेल आणि कुठे वाकणार नाही हे आपोआप सुचतं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. म्हणून खांदा पुढे-मागे सरकतो, आणि चालत्या घोड्यात खांद्याची अंडाकृतीही पायाबरोबर हलवायची असते.

१५ सेंटीमीटरच्या घोड्यात मापं अशी धरा: पुढच्या पायाचं कोपर जमिनीपासून आठ सेंटीमीटरवर, पुढचा गुडघा साडेचारवर, मागच्या टाचेचं टोक पावणेसहावर, खुरावरचा सांधा दोनवर. पुढच्या गुडघ्यापेक्षा मागची टाच वर असते हे लक्षात ठेवा. दोन्ही एका रेषेत आले की घोडा टेबलाला पाय लावल्यासारखा दिसतो.

आता ओळंबा लावा. पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापासून सरळ खाली रेघ सोडा, मागच्या टाचेचं टोक तिला शिवलं पाहिजे. पुढचा पाय खांद्यापासून सरळ खाली, गुडघ्याच्या मध्यातून, खुरावरच्या सांध्यापर्यंत. तिथून खूर पुढे तिरपा, साधारण ५० अंशांत. खुराच्या वरचा छोटा भागही त्याच तिरक्या रेषेत येतो. सांधे रुंद आणि हाडाळ काढा, सांध्यांमधला भाग बारीक. पायाच्या खालच्या भागात स्नायू नसतात, फक्त हाड आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), म्हणून तिथे गोलाई दाखवू नका.

उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. एक मागचा पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून तो आराम करतो, तेव्हा त्या बाजूचा पुठ्ठा किंचित खाली येतो. ही ढब काढा. चारही पाय खांबासारखे ठेवण्यापेक्षा ती जिवंत दिसते आणि सोपीही आहे.

सांगाडा जमला की २बीने खरी बाह्यरेषा. सगळीकडे सारखी जाड नको. जिथे वजन येतं तिथे, म्हणजे खुरांखाली, कोपरामागे, जबड्याखाली, रेघ दाबून. जिथे उजेड पडतो तिथे, पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, रेघ तुटू द्या. मग मऊ खोडरबर लाटून चौरस, अंडाकृती आणि मापाच्या रेषा उचला. हे काम वॉशच्या आधीच झालं पाहिजे. रंगातल्या डिंकाने पेन्सिल कागदाला चिकटून बसते, नंतर ती निघत नाही. पेन्सिलचा हात हलकाच ठेवा. ६बीची जाड काळी शेड आधीच भरली तर तिच्यावरून ब्रश फिरला की सगळं करडं होतं.

वॉश

‘कागद टबात दहा मिनिटं भिजवा’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. रोज नळाला पाणी न येणाऱ्या शहरात कागदासाठी टब कोण भरणार? स्पंजने पुरतं. कागदाची पाठ आणि पुढची बाजू स्वच्छ पाण्याने हलकी ओली करा. पुढच्या बाजूला पेन्सिल आहे, तिथे स्पंज घासू नका, नुसता टेकवा. मग कागद पाट्यावर (ड्रॉइंग बोर्डवर) ठेवून चारही कडांना पाणी लावून चिकटवायची खाकी कागदी टेप लावा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना तो ताणला जातो आणि वॉशमध्ये फुगत नाही. रंगासाठी पिण्याचं पाणी घ्या, बोअरचं क्षाराचं नको.

आपल्याकडे खरा शत्रू ऊन आणि कोरडी हवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वॉशची ओली कड ब्रश परत येईपर्यंत वाळते आणि मध्ये कडक रेघ उमटते. सकाळी नऊच्या आत काम करा, पंखा बंद. तरीही जमत नसेल तर टेपचा प्रकार सोडून द्या आणि प्लॅस्टिकच्या पाट्यावर ओला, घट्ट पिळलेला टॉवेल अंथरून त्यावर कागद ठेवा. सोलापुरात टेरी टॉवेलची वाण नाही. कागदाला खालून ओल मिळत राहते आणि वॉश दुपटीने वेळ देतो. झाल्यावर कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये वजनाखाली वाळवा.

रंग लावायच्या आधी हातभर रद्दी कागदावर घोड्याचं छोटं चित्र काढून फक्त तीन छटा ठरवा: कोरा कागद, मधली, गडद. उजेड कुठल्या बाजूने हे नक्की करा. हॉलमधली खिडकी ज्या बाजूला आहे त्याच बाजूने चित्रातही उजेड आला तर चित्र भिंतीत बसतं.

पहिला हात: बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा कण, भरपूर पाणी, फिक्या चहाइतका पातळ. वाटीत अंदाजापेक्षा दुप्पट करून ठेवा, मध्येच संपला की पुन्हा तोच रंग जुळत नाही. पाटा मागून दोन बोटं उचला. मोठ्या गोल ब्रशने मानेपासून सुरुवात करून खाली या. रंगाचा थेंब खालच्या कडेला साचत राहील, त्याला पुढे ओढत न्या, मागे वळू नका. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा उजेडाचा भाग, कपाळ, आणि गुडघ्यांचे वरचे पृष्ठभाग कोरे सोडा. वॉश दोन-चार ठिकाणी बाह्यरेषेच्या बाहेर गेला तर जाऊ द्या. पेन्सिलची रेघ एकीकडे आणि रंग जरासा दुसरीकडे, यातच या पद्धतीची मजा आहे. रेघेच्या आत नेमका भरलेला रंग मुलांच्या रंगवायच्या पुस्तकाचा वाटतो.

हा हात अजून चमकतोय तोवर पोटाखाली, मानेच्या खालच्या कडेला आणि मांडीच्या आत अल्ट्रामरीन जास्त असलेला रंग टेकवा. तो आपला आपण पसरेल. चमक गेली की हात बाजूला. अर्धवट ओल्या कागदावर पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग उमटतात.

पूर्ण वाळल्यावर, हाताच्या मागच्या बाजूने कागद गार लागत नाही तेव्हा, दुसरा हात. हा आणखी गडद आणि कमी जागेत: खांद्यामागची सावली, बरगड्यांनंतरचा खळगा, पलीकडचे दोन पाय. पलीकडचे पाय सरळ एकाच सपाट छटेत बुडवा, त्यात तपशील नको. अलीकडचे पाय त्यामुळेच पुढे येतात. सावलीची एक कड धारदार ठेवा आणि दुसरी स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवा. शेवटी सगळ्यात गडद जागा: नाकपुडी, डोळा, आयाळीचं मूळ, खुरांच्या खालच्या कडा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर घट्ट कालवले की ट्यूबच्या काळ्यापेक्षा खोल काळा मिळतो, आणि तो निर्जीव दिसत नाही.

जमीन? खुरांखालून एक आडवा पातळ हात, एका बाजूला विरत जाणारा. घोडा हवेत तरंगू नये एवढ्यापुरताच. गवत, झाडं, डोंगर काही नको. चालत्या घोड्याच्या मागे ब्रशवर बोट आपटून यलो ऑकरचे चार शिंतोडे उडवले की धूळ होते. चारच.

कुठे जास्त गडद झालं तर वाळल्यावर ओल्या ब्रशने तो भाग मऊ करा आणि टिश्यूने टिपा. सिएना आणि अंबर बऱ्यापैकी उचलले जातात. पूर्वीइतका पांढरा कागद परत मिळत नाही, म्हणून कोरा भाग नेहमी जास्तच सोडायचा.

सगळं वाळल्यावर पुन्हा पेन्सिल, आता ४बी. आयाळीत आठ-दहा रेघा, झुपक्याच्या दिशेने, शेपटीत तेवढ्याच, सांध्यांवर आणि जबड्यावर थोडा जोर. इथेच थांबा. चित्र भिंतीला टेकवून दहा फूट मागे जा. तिथून जे खटकेल तेवढंच दुरुस्त करा. वर फिक्सेटिव्हचे दोन पातळ फवारे मारा, गच्चीवर, वारा नसताना.

कोणत्या रंगाचा घोडा

पहिल्या चित्राला कुमैत घ्या: अंग तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे. चारही रंग त्यात वापरले जातात आणि गडद पायांमुळे घोडा जमिनीवर घट्ट बसतो. पंचकल्याणी हवा असेल तर चारही पायांचे तळभाग आणि कपाळावरचा पट्टा कोरा कागद सोडा, बाहेरून सावली द्या.

पांढरा घोडा सगळ्यांना हवा असतो आणि तो सगळ्यात अवघड. त्याला रंगवायचं नसतं, त्याच्या मागची हवा रंगवायची असते. अल्ट्रामरीन-सिएनाचा करडा वॉश पार्श्वभूमीला ओढा, घोडा कोरा ठेवा, पोटाखाली आणि मानेखाली फिकट निळसर सावली. बहुतेक ‘पांढरे’ घोडे जन्मतः गडद असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. कातडी काळीच राहते. म्हणून त्यांचं मुस्कट आणि डोळ्यांभोवतीचा भाग करडा काढा. नुकरा, म्हणजे जन्मतःच पांढरा, असेल तर मात्र कातडी गुलाबी. काळ्या घोड्याला पाठीवर आणि पुठ्ठ्यावर निळसर उजेड सोडा, तिथे आकाश पडलेलं असतं.

पळणारा घोडा, आणि ते सात

पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर, असा पळता घोडा युरोपातल्या चित्रकारांनी वर्षानुवर्षं काढला. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. तुमच्या रिंगणाच्या व्हिडिओतही तेच दिसेल. तोच क्षण निवडा, किंवा एकच पुढचा पाय टेकलेला आणि मान पुढे खेचलेली तो क्षण. दुडक्या चालीत पाय तिरक्या जोडीने उचलले जातात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र. जोडीतल्या दुसऱ्या चित्राला ही चाल उत्तम, कारण ती सांगाड्यावर पडताळून बघता येते.

सासूबाईंना किंवा घरातल्या थोरांना सातच घोडे हवे असतील तर वाद घालू नका. सात पूर्ण घोडे मात्र काढू नका. दोन पुढचे नीट, त्यांच्या मागे तीन मानेपर्यंत, आणि उरलेले दोन फक्त वॉशमधले आकार, कान आणि आयाळ कळतील इतपत. मोजणाऱ्याला सात भरतात, आणि अठ्ठावीस पायांतून तुमची सुटका होते. मागच्यांना जास्त पाणी, पुढच्यांना जास्त रंग.

फ्रेम आणि भिंत

फ्रेमवाल्याकडे बहुतेक काम देवांच्या आणि लग्नाच्या फोटोंचं असतं, त्यामुळे सवयीने तो चित्र हार्डबोर्डला डिंकाने चिकटवेल किंवा लॅमिनेशन सुचवेल. दोन्हीला नाही म्हणा. चित्र वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्यांवर टांगलेलं असावं, बाकी मोकळं. वर माउंट, आम्लविरहित मिळाला तर तोच, दुधी पांढऱ्या रंगाचा: बाजूंना आणि वर तीन इंच, खाली साडेतीन. आतली खिडकी साडेदहा बाय साडेचौदा. बाहेरचं माप १७ बाय साडेवीस इंच होतं. माउंटमुळे काच कागदाला टेकत नाही, हा त्याचा खरा उपयोग. फ्रेमची पट्टी बारीक, काळी किंवा सागवानी, सोनेरी नक्षी नको. मागून फटी टेपने बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते.

आपल्याकडे फ्रेम लिंटेलच्या पातळीला, पार वर लावतात, पूर्वजांच्या हार घातलेल्या फोटोंची ती सवय. हे चित्र तिथे नको. फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आणा. सोफ्यावर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर. दोन्ही फ्रेमचे हुक लावताना लेव्हल वापरा, आणि भिंतीत ड्रिल करून प्लगमध्ये स्क्रू बसवा. जुन्या मातीच्या भिंतीच्या वाड्यात खिळा ठोकण्यापेक्षा वर लाकडी पट्टी बसवून तिच्यावरून तारेने टांगलेलं बरं.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट पडणारी भिंत टाळा, रंग टिकाऊ असले तरी कागद पिवळा पडतो. कूलरच्या समोरची भिंतही टाळा. उन्हाळाभर ओली हवा काचेवर आदळली की कागद लहरतो आणि बुरशी धरते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, मागे हवा खेळती राहते. पाली तिथे घर करणारच, त्यामुळे महिन्यातून एकदा फ्रेम उचलून मागची भिंत झटका. काच पुसताना फवारा फडक्यावर मारा, काचेवर नको, कारण खालच्या कडेतून पाणी माउंटमध्ये झिरपतं.